इंग्लंडमधले ‘जपान’ : एका ताटलीचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/ इ.स. १८१५ च्या आसपास इंग्लंडमधील डर्बी शहरात तयार झालेली चिनी मातीची एक ताटली डोळ्यांसमोर आणावी. काठाला गडद निळे पट्टे, त्यांवर विटकरी लाल पाकळ्या आणि जिथे जागा सापडेल तिथे सोने. मधोमध जे आहे ते झाड की फुलदाणी, हे पटकन सांगता येत नाही. कारखान्यात या नक्षीला एकच नाव होते : ‘जपान’.

ती रंगवणाऱ्याने जपान पाहिलेला असण्याची शक्यता जवळपास नव्हती. इंग्रजांची जपानमधील वखार १६२३ मध्ये बंद झाली होती आणि दोन्ही देशांतला पहिला करार १८५४ मध्ये व्हायचा होता. बंद दारापलीकडचा देश इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर कसा पोहोचला आणि पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले, याचा हा धागा.

२/ आधी शब्दांचा घोळ सोडवू. मराठीत लोणच्याची बरणीही ‘चिनी माती’ची आणि नाजूक कपबशीही ‘चिनी माती’चीच. इथे विषय आहे तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे पोर्सेलीनचा : पांढरे, कठीण, टिचकी मारल्यावर किणकिणणारे आणि उजेडासमोर धरल्यास प्रकाश आरपार दाखवणारे भांडे.

इंग्रजीनेही देशांची नावे वस्तूंना दिली. पोर्सेलीन म्हणजे ‘चायना’ आणि चकचकीत लाखकाम म्हणजे ‘जपान’. त्यामुळे ‘जपान नक्षीचा चायना’ हा शब्दप्रयोग अठराव्या शतकातील इंग्रजाला मुळीच विचित्र वाटत नसे. दोन्ही देश त्याच्या लेखी दुकानातल्या मालाची नावे होती.

३/ जपानी पोर्सेलीनचा उगम मात्र निव्वळ जपानी नाही. १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीच्या सैन्याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना सरदारांनी कोरियन कुंभारांना आपल्या मुलखात नेले. क्युशू बेटावरील हिझेन प्रांतात नाबेशिमा घराण्याच्या अमलाखाली असे अनेक कुंभार वसवले गेले.

परंपरेनुसार यांपैकीच एक, री साम्पेई, याला १६१६ मध्ये आरिता गावाजवळ इझुमियामाच्या डोंगरात पोर्सेलीनचा दगड सापडला. आरितात त्याचा आजही मान राखला जातो. म्हणजे ज्याची नक्कल पुढे अर्ध्या युरोपने केली, त्या ‘जपानी’ भांड्यामागे कोरियन हात होते, आणि समोर नमुना होता चिनी.

४/ १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली. यादवीत जिंगदेझेन या कुंभारनगरीचे काम विस्कळीत झाले आणि युरोपला जाणारा चिनी माल आटला. डच ईस्ट इंडिया कंपनीला दुसरा पुरवठादार हवा होता.

१६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या लहानशा कृत्रिम बेटावर राहण्याची परवानगी होती. युरोपीयांपैकी तेवढ्यांनाच. १६५९ मध्ये त्यांनी आरिताकडे पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. डोंगरातल्या कुंभारगावाला एकाएकी जागतिक बाजारपेठ मिळाली.

५/ आरिताचा माल जवळच्या इमारी बंदरातून जहाजांत चढे. म्हणून भांड्यांना नाव मिळाले बंदराचे. (भरूचमार्गे आलेल्या मालाला व्यापाऱ्यांनी भरूचचे नाव द्यावे, तसेच हे.) इंग्लंडमध्ये ‘इमारी’ हा शब्द बऱ्याच उशिरा रूढ झाला. त्याआधी सगळेच ‘जपान’.

या मालात दोन प्रवाह ओळखावे लागतात, कारण इंग्रजांनी दोन्हींची नक्कल केली आणि दोन्हींचे नशीब वेगवेगळे ठरले.

६/ पहिला प्रवाह काकिएमोन. साकाइदा काकिएमोन या कारागिराच्या घराण्याचे हे नाव. दुधासारखी शुभ्र पार्श्वभूमी; तिच्यावर एका बाजूला झुकलेली फांदी, दोन पक्षी, थोडी फुले, आणि बाकी सारे मोकळे. लाल, निळसर हिरवा, निळा, पिवळा असे मोजके रंग.

या शैलीत चित्राइतकेच महत्त्व रिकाम्या जागेला आहे. तिथे लपायला वाव नाही. मातीत एक काळा कण राहिला किंवा भट्टीत कड किंचित वाकडी झाली, तर ती लगेच डोळ्यांत भरते.

७/ दुसरा प्रवाह इमारी. इथे जवळजवळ उलट नियम : भांड्याचा पृष्ठभाग किनखाबासारखा भरून टाकायचा. शेवंती, पिओनी, प्लमचा बहर, जाळ्या, पंख्याच्या आकाराचे कप्पे, मधे फुलदाणी.

रंगांचा क्रमही ठरलेला. कच्च्या भाजलेल्या भांड्यावर आधी कोबाल्टचा निळा. त्यावर झिलई आणि प्रखर भाजणी. मग झिलईच्या वर लोहापासून केलेला लाल रंग आणि सोने, आणि पुन्हा मंद आचेची भाजणी. निळा रंग झिलईच्या खाली असल्याने तो झिजत नाही. लाल आणि सोनेरी वर असल्याने वापराने झिजतात. जुन्या इमारी ताटलीवर बोट फिरवले तर हे थर हाताला जाणवतात.

८/ आता इंग्रजांकडे वळू. ते १६१३ मध्ये हिरादो येथे वखार उघडून बसले होते. धंदा जमला नाही. १६२३ मध्ये गाशा गुंडाळला. पन्नास वर्षांनी, १६७३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रिटर्न’ नावाचे जहाज पुन्हा नागासाकीत आले आणि व्यापाराची परवानगी मागू लागले.

जपानी अधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण सांगितले ते असे : इंग्लंडच्या राजाची राणी पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांना जपानने १६३९ मध्येच देशाबाहेर काढले होते, आणि त्यांच्या सोयऱ्यांनाही आत घेण्याची शोगुनच्या सरकारची तयारी नव्हती.

९/ ही राणी म्हणजे ब्रागान्झाची कॅथरीन. दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह १६६२ मध्ये झाला. मराठी वाचकाला हे लग्न वेगळ्या कारणाने ठाऊक आहे : याच विवाहाच्या १६६१ च्या तहानुसार मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये ते राजाने कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिले.

एकाच लग्नाने कंपनीला मुंबई मिळवून दिली आणि जपानचे दार बंद ठेवायला कारण पुरवले. यापुढे जपानी वस्तू इंग्लंडला मिळणार त्या डचांमार्फत किंवा चिनी बंदरांतून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या हातूनच.

१०/ तरीही त्या आल्या, आणि राजघराण्यापर्यंत पोहोचल्या. १६८९ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या मेरी राणीला हॉलंडमधील वास्तव्यात पोर्सेलीनचे वेड लागले होते. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील तिच्या संग्रहात काकिएमोन शैलीचे षटकोनी बुधले होते.

बर्ली हाउस या सरदारवाड्याच्या १६८८ च्या मालमत्ता-यादीत कुस्ती खेळणाऱ्या दोन मुलांच्या पुतळ्याची नोंद आहे. पुतळा आरितात घडवलेला, जपानी. यादी करणाऱ्याने मात्र त्यांना ‘चायना’ मुले म्हटले. वस्तू दारात आली तेव्हाच तिचा पत्ता हरवला होता.

११/ गोंधळ पुढे आणखी वाढला. १६८० च्या दशकात कांगशी सम्राटाच्या काळात चीनमध्ये स्थैर्य आले आणि जिंगदेझेनच्या भट्ट्या पुन्हा धडाडू लागल्या. तिथल्या कारागिरांनी पाहिले की गिऱ्हाईक जपानी इमारीवर भाळले आहे. त्यांनी तीच नक्षी, तेच निळे-लाल-सोनेरी रंग वापरून माल काढला, आणि तो स्वस्तात दिला.

यालाच आज ‘चिनी इमारी’ म्हणतात. त्याचा काठ पातळ, रेषा नेटकी, निळा रंग जरा उजळ. डचांनाही हा व्यवहार परवडू लागला आणि अठराव्या शतकात आरिताची निर्यात ओसरत गेली. लंडनच्या दुकानातील ‘जपान’ आता बहुधा चीनहून येत होते.

१२/ तिकडे जर्मनीत सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१० मध्ये माइसेनचा कारखाना काढला. खऱ्या, कठीण पोर्सेलीनचे रहस्य उलगडणारा तो युरोपातला पहिला कारखाना. पूर्वेकडील भांडी मांडण्यासाठी राजाने ड्रेस्डेनमध्ये एक राजवाडाच घेतला. तो ‘जपानी राजवाडा’ म्हणून ओळखला जातो.

माइसेनची काकिएमोन नक्कल इतकी हुबेहूब होती की तिच्यातून एक घोटाळा उभा राहिला. पॅरिसचा व्यापारी रोडोल्फ लमेर याने अशी भांडी मागवली, पण कारखान्याची खूण त्यांवर नको किंवा पुसता येईल अशी हवी, ही अट घालून. हेतू उघड होता : माल जपानी म्हणून विकायचा. १७३१ मध्ये प्रकरण उघडकीस आले आणि त्याला साथ देणाऱ्या काउंट होयम या मंत्र्याचे पद गेले.

१३/ इंग्लंडमध्ये पोर्सेलीनचे कारखाने सुरू झाले ते त्यानंतर, १७४० च्या दशकात. लंडनजवळ चेल्सी येथे निकोलस स्प्रिमाँ याने कारखाना काढला. तो मूळचा लिएझचा, पेशाने चांदीकाम करणारा. पलीकडे बो येथे दुसरा कारखाना उभा राहिला. त्याच्या मालकांनी त्याला ‘न्यू कँटन’ असे भारदस्त नाव दिले.

नमुने हवे होते. १७५१ मध्ये ड्रेस्डेन दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स हॅनबरी विल्यम्स याची माइसेनची भांडी चेल्सीला नकलेसाठी मिळाली. अशा रीतीने इंग्रज कारागीर ‘जपान’ शिकू लागले, पण पुष्कळदा जर्मन वहीतून.

१४/ एका चित्राचा प्रवास पाहण्यासारखा आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात सीमा ग्वांग नावाचा थोर इतिहासकार होऊन गेला. त्याच्या बालपणीची एक गोष्ट सांगतात : सोबत खेळणारा मुलगा पाण्याच्या मोठ्या रांजणात पडला. बाकीची मुले घाबरून पळाली. याने दगड मारून रांजण फोडला आणि त्याला वाचवले.

आरिताच्या कारागिरांनी हा प्रसंग रंगवला. माइसेनने तो उचलला. चेल्सीने तोही उचलला. आणि इंग्रजीत या चित्राला नाव मिळाले ‘हॉब इन द वेल’, म्हणजे विहिरीतला हॉब. हॉब हा त्या काळच्या लोकप्रिय प्रहसनातला खेडवळ नायक. चिनी इतिहासकाराची प्रसंगावधानाची कथा चार देश ओलांडून एका इंग्रज विदूषकाची फजिती बनली.

१५/ बो कारखान्याच्या आवडत्या काकिएमोन नक्षीत दोन लहान पक्षी आहेत. ते लावे आहेत. जपानी चित्रपरंपरेत लाव्यांना मानाचे स्थान. इंग्रजांनी त्यांना ‘तित्तिर’ म्हटले, कारण शिकारीच्या शौकिनांना तित्तिर अधिक परिचयाचा.

या चुकांना हसणे सोपे आहे. परंतु नक्कल करणाऱ्याला पक्षी ओळखण्याची गरजच नव्हती. त्याला हवी होती ती बाह्यरेखा.

१६/ अडचण मातीचीही होती. इंग्लंडमधील सुरुवातीचे पोर्सेलीन ‘मऊ’ प्रकारचे : मातीत कुटलेली काच, कुठे हाडांची राख, कुठे शंखजिरे मिसळून साधलेले. कॉर्नवॉलमध्ये सापडलेली खरी पांढरी माती वापरण्याचे पेटंट विल्यम कुकवर्दीने घेतले ते १७६८ मध्ये.

मऊ माती भट्टीत वाकडी होई. पृष्ठभागावर पुटकुळ्या आणि काळे ठिपके उमटत. काकिएमोनची मोकळी शुभ्र जागा अशा भांड्यावर म्हणजे दोषांचे प्रदर्शन. मग ठिपक्यावर एखादे फुलपाखरू, चिरेवर एखादे पान रंगवले जाई. दोष झाकण्यासाठी नक्षी, ही युक्ती इथेच सुरू झाली. तिचा पुढचा अंक डर्बीत होणार होता.

१७/ वूस्टरचा कारखाना १७५१ मध्ये निघाला. त्याची माती शंखजिऱ्याची. उकळता चहा ओतला तरी भांडे तडकत नसे. चहाच्या देशात हा गुण लाखमोलाचा.

वूस्टरने १७६० नंतर इमारी धर्तीच्या भरगच्च ‘जपान’ नक्षी मोठ्या प्रमाणावर काढल्या. निळे पट्टे, त्यांवर सोनेरी फुले, मधे पांढऱ्या कप्प्यांत लाल-हिरवी झाडे. भांड्याच्या बुडाशी चिनी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या खुणा किंवा चौकोनी शिक्का. त्या खुणांना अर्थ नव्हता. वाचता न येणारी लिपी हीच दूरदेशीचेपणाची हमी मानली जात होती.

१८/ डर्बीचा कारखाना विल्यम ड्यूसबरीने १७५६ मध्ये हाती घेतला. १७७० मध्ये त्याने चेल्सीही विकत घेतले. काही वर्षांतच डर्बीच्या खुणेत राजमुकुट दिसू लागला.

१७९१ मध्ये आणखी एक दार बंद झाले : ईस्ट इंडिया कंपनीने चिनी पोर्सेलीनची घाऊक आयात थांबवली. खाजगी आयातीवरील जकात भरमसाट. लंडनच्या घराघरांत चिनी-जपानी भांड्यांचे संच होते. त्यातली ताटली फुटली तर जोड कुठून आणायची? हा प्रश्न इंग्रज कारखानदारांसाठी पर्वणी ठरला. अनेक ‘जपान’ नक्षींचा जन्म असा तुटलेल्या संचाच्या जोडीसाठी झाला.

१९/ याच सुमारास स्टॅफर्डशायरमधील जोसाया स्पोड दुसरा याने अस्थिपोर्सेलीन, अर्थात ‘बोन चायना’, स्थिर रूपात आणले. ढोबळ प्रमाण असे : निम्मी गुरांच्या हाडांची राख, पाव कॉर्नवॉलची पांढरी माती, पाव तिथलाच दगड. भांडे पांढरेशुभ्र, मजबूत आणि भट्टीत कमी वाकणारे. पुढच्या दोन शतकांचे इंग्रजी पोर्सेलीन या पाककृतीवर उभे आहे.

स्पोडच्या नमुनावहीत नक्षींना क्रमांक असत. १८०७ च्या सुमाराची ९६७ क्रमांकाची ‘जपान’ नक्षी इतकी खपली की संग्राहक आजही तिला आकड्यानेच ओळखतात.

२०/ आता पुन्हा डर्बी. १८११ मध्ये कारखाना रॉबर्ट ब्लूर या माणसाच्या हाती आला. तो तिथलाच जुना कारकून. खरेदीची रक्कम हप्त्यांनी फेडायची होती आणि हाती भांडवल नव्हते. होता तो गोदामात वर्षानुवर्षे साठलेला पांढरा, न रंगवलेला माल : किंचित वाकडा, ठिपके पडलेला, आधीच्या मालकांनी ‘दुय्यम’ म्हणून बाजूला टाकलेला. कारखान्याचे नाव राखण्यासाठी तो विकला जात नसे.

ब्लूरने तो बाहेर काढला. त्यावर ‘जपान’ नक्षी चढवली आणि गावोगावी लिलावात विकला.

२१/ इमारीच का? उत्तर नक्षीच्या रचनेतच आहे. गडद निळा रंग डाग गिळतो. लाल आणि सोनेरी रंग नजर इकडून तिकडे नाचवतात. रिकामी जागा उरतच नाही, त्यामुळे दोष शोधायला डोळा थांबत नाही. सोन्याच्या चकाकीमुळे वस्तू महाग दिसते.

निसर्गचित्र किंवा फुलांचा गुच्छ रंगवायला नावाजलेला, भरपूर वेतनाचा चित्रकार लागे. ‘जपान’ मात्र तुकड्यातुकड्यांत विभागता येई. रांगोळीच्या ठिपक्यांसाठी भोके पाडलेला कागद वापरतात, तसाच कागद ताटलीवर ठेवून कोळशाची पूड घासायची. ठिपक्यांवरून एकाने बाह्यरेखा काढायची, दुसऱ्याने निळा भरायचा, तिसऱ्याने लाल.

२२/ ब्लूरवर कलेच्या इतिहासकारांनी पुढे बरेच कोरडे ओढले. दुय्यम माल बाजारात ओतल्याने डर्बीचे नाव खराब झाले, हा आरोप खराच आहे. १८२८ च्या सुमारास त्याचे मानसिक संतुलन ढळले आणि १८४८ मध्ये कारखाना बंद पडला.

पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. त्याच्या काळातील उत्तम ‘जपान’ संच खरोखर देखणे आहेत. शिवाय त्या लिलावांमुळे सरदारघराण्यांपुरती असलेली वस्तू दुकानदार आणि वकिलांच्या घरी पोहोचली. आणि ज्या काळात हातांना काम हवे होते, त्या काळात शेकडो ताटल्यांवरील निळ्या पट्ट्यांनी अनेक चुली पेटत्या ठेवल्या.

२३/ त्या हातांविषयी फार थोडे बोलले जाते. झिलईत शिसे असे. भांडी झिलईत बुडवणाऱ्यांना शिशाची विषबाधा होई. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सोने पाऱ्यात कालवून लावले जाऊ लागले. भट्टीत पाऱ्याची वाफ होई आणि ती कामगारांच्या श्वासात जाई. भट्टीतून सोने मंद, तपकिरी निघे. मग अकीक किंवा हेमेटाइटच्या खड्याने ते घोटून चमकवायचे. हे घोटण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे.

१८४० च्या दशकात संसदेच्या बालकामगार आयोगाने स्टॅफर्डशायरच्या कुंभारभट्ट्यांची पाहणी केली आणि कोवळ्या वयाच्या मुलांच्या जबान्या नोंदवल्या. कारखाना कायद्याचे संरक्षण या उद्योगाला मिळाले १८६४ मध्ये.

२४/ १८१३ मध्ये चार्ल्स जेम्स मेसन याने ‘आयर्नस्टोन चायना’चे पेटंट घेतले. नाव भारदस्त, वस्तू दणकट; हे पोर्सेलीन नव्हे, जड आणि टिकाऊ दगडी भांडे. त्यावर ‘जपान’ची बाह्यरेखा छापून घ्यायची आणि रंग हाताने भरायचे. किंमत आणखी उतरली.

नक्षीही आता मूळापासून फार दूर गेली होती. प्लमचे झाड झुडूप झाले, खडक निळा गोळा झाला. एका प्रसिद्ध नक्षीतल्या आकारांचा अर्थ कुणालाच लागेना, तेव्हा तिला ‘अंगठा आणि बोट’ असे नाव पडले. डर्बीतल्या एकीचे नाव ‘चेटकिणी’. हा सुटलेला धागा होता असे म्हणता येईल. किंवा इंग्रज कारागिरांनी स्वतःची लोककला घडवली होती असेही म्हणता येईल.

२५/ १८५४ मध्ये करार झाला. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात इंग्लंडचा जपानमधील राजदूत रदरफर्ड अल्कॉक याने जमवलेल्या जपानी वस्तू मांडल्या गेल्या. लोकांनी प्रथमच एवढ्या संख्येने जपानमधून थेट आलेल्या वस्तू पाहिल्या : साधी बांबूची टोपली, कागद, लाखकाम, ठशांची चित्रे. आजीच्या कपाटातील ‘जपान’ संचाशी त्यांचे फारसे नाते दिसेना.

मग नवी लाट आली. आरेखक क्रिस्टोफर ड्रेसर १८७६-७७ मध्ये स्वतः जपानला जाऊन आला. मोकळी जागा, एका बाजूला झुकलेली फांदी यांचे कौतुक नव्याने सुरू झाले. हीच गोष्ट काकिएमोनने दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली होती.

२६/ प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. १८७० मध्ये गॉटफ्रीड वॅगनर हा जर्मन तज्ज्ञ आरितात आला आणि त्याने युरोपीय कोबाल्ट वापरण्याची व कोळशाच्या भट्टीची पद्धत शिकवली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मेइजी सरकारने आरिताची प्रचंड, सोन्याने मढलेली भांडी पाठवली, कारण पश्चिमेला जपानकडून तेच हवे आहे हे त्यांना ठाऊक झाले होते.

म्हणजे नकलेने तयार केलेली आवड आता मूळ कारागिरांना काय घडवायचे ते सांगत होती. यानंतर ‘अस्सल’ हा शब्द वापरताना इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे लागते.

२७/ डर्बीत १८७७ मध्ये नवी कंपनी उभी राहिली. १८९० मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिला ‘रॉयल’ हे बिरुद दिले आणि ‘रॉयल क्राउन डर्बी’ हे नाव रूढ झाले. ‘११२८’ आणि ‘२४५१’ या क्रमांकांच्या तिच्या इमारी नक्षी जगभर गेल्या. ज्या रंगसंगतीने एकेकाळी वाकडा माल झाकला, तीच आता कारखान्याची शान झाली.

जिज्ञासूंनी अशी जुनी ताटली पाहिलीच, तर ती आडवी धरून प्रकाशात फिरवावी. सोन्याखाली कधी एखादी पुटकुळी दिसते, निळ्या पानाखाली कधी एखादा काळा कण.

२८/ मग ती उलटी करावी. बुडाशी लाल रंगात मुकुट असतो, त्याखाली फुलीसारख्या दोन काठ्या, ठिपके आणि ‘डी’ हे अक्षर. पुढेमागे अनेकदा एक बारीकसा आकडाही आढळतो. तो रंगवणाऱ्याचा किंवा सोने लावणाऱ्याचा. कामाचा हिशेब ठेवण्यासाठी कारखान्याने दिलेला.

या ताटलीत कोरियन कुंभारांचे कसब आहे, आरिताची कल्पना आहे, डचांचे जहाज, चीनची हातचलाखी, जर्मनीची वही आणि इंग्लंडमधल्या गुरांची हाडे आहेत. नाव मिळाले एकाच देशाला, जो त्या कारागिराने कधी पाहिला नाही. आणि ज्याने ती प्रत्यक्ष रंगवली, त्याचे नाव बहुतेक वेळा उरलेले नाही. उरला आहे तो फक्त आकडा.

(धागा समाप्त)